केरवोखे

मामा श्टुटगार्टला आला त्या शनिवारी आमच्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. वहीच्या पुठ्ठ्याएवढी लाकडी फळी, दोरी ओवलेली, वर एकच शब्द. जिने चढून धापा टाकत आलेल्या मामानं बॅग खाली ठेवायच्या आधी खिशातून चष्मा काढला आणि अक्षराला अक्षर जुळवत वाचलं, "केर... वो... खे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "केर? अगं, हा तर आपला शब्द!"

त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं की हो, अर्थही जवळपास तोच. केर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. या आठवड्यात जिन्याचा केर आमच्याकडे. तो काढून झाला की पाटी समोरच्यांच्या दाराला.

मामा पुण्यात महापालिकेत आरोग्य निरीक्षक होता. ३१ वर्षं. पहाटे कोठीवर हजेरी, मुकादम, झाडूवाल्या, घंटागाड्या, तुंबलेली गटारं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रस्त्यानं चालताना त्याची नजर दुकानांकडे नसते, चेंबरच्या झाकणांकडे असते. हे शहर वाडग्यासारखं खोलगट आहे, कडेच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. आमच्याकडे येणारा पाहुणा पहिला फोटो त्यांचा काढतो. मामानं काढला तो इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांचा.

मी इथे अकरा वर्षं आहे आणि इथल्या बारीकसारीक जाचाला विटलेली आहे. तो पहिल्या तासापासून भारावलेला. मग काय, सत्तर दिवस आमची जुंपत राहिली, बहुतेकदा चहावर. हरलं कोणीच नाही. आता वाटतं, दोघंही निम्मा वेळ तिसऱ्याच कुणाशी तरी भांडत होतो.

"म्हणजे जिना तुम्हीच झाडायचा?" मामानं पहिल्याच संध्याकाळी विषय काढला.

"झाडायचा आणि मग ओल्या फडक्यानं पुसायचा. आमच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत. ही धाकटी केरवोखे. थोरलीची पाळी आली की तळघर, डब्यांची जागा आणि दारापुढचा फुटपाथसुद्धा. हिवाळ्यात बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फावड्यानं ओढायचा. रविवारी नऊपर्यंत सवलत."

"आणि नाही केलं तर? पावती कोण फाडतं?"

"कोणी नाही. शहराचा तसा नियम होता, तो १९८८ साली काढून टाकला. आता फक्त घराच्या भाडेकरारात असतं."

मामा खुर्चीत पुढे सरकला. "नियम गेला आणि काम राहिलं? आमच्याकडे नियम राहतो आणि काम जातं."

मी त्याला सांगितलं की ही खोड फार जुनी आहे. १४९२ सालच्या इथल्या नगर-नियमांत प्रत्येकानं आपापलं शेणखत दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावं असं लिहिलेलं होतं. त्यावर तो म्हणाला, "कोलंबस निघाला त्या साली हे शेण उचलत होते. म्हणून तर अमेरिका दुसऱ्यांना सापडली."

"अरे, पण जिना स्वच्छच असतो! चार बिऱ्हाडं, चारही टापटिपीची. मी झाडते तेव्हा सुपलीत काय येतं? तीन केस आणि एक वाळकं पान. तरी पुसायचं. आणि पुसताना बादली जरा आपटायची. हे मी सांगत नाही, इथले लोक स्वतःच थट्टेनं सांगतात : केर नाही निघाला तरी चालेल, बादलीचा आवाज शेजारी गेला पाहिजे."

"तीन केस आणि एक पान," मामा म्हणाला, "हे आमच्या वॉर्डातल्या माणसाचं स्वप्न असतं गं. स्वच्छ जागा झाडणं यालाच स्वच्छता म्हणतात. घाण झाल्यावर झाडणं याला नुसतं काम म्हणतात."

दुसऱ्या दिवशी त्यानं बादली घेतली आणि जिना पुसून काढला. वेळ ठरवून, वरून खाली, उलट पावली. मी त्याला थांबवलं नाही. खोटं कशाला बोला, मला बरंच वाटलं. पण तो रविवार होता, हे बादलीचा आवाज घुमल्यावर माझ्या ध्यानात आलं. रविवारी इथे आवाज करायचा नसतो. काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी टाकायच्या नसतात, कारण पडताना खळकन वाजतात.

त्याच रविवारी दही संपलं.

"सगळं बंद?"

"स्टेशनात एखादं दुकान उघडं असेल. पेट्रोल पंपावर मिळेल, चढ्या भावानं. बाकी बंद. घटनेतच आहे ते."

"दह्याचं?"

"रविवारचं! रविवार आणि सणवार हे विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून राखून ठेवलेले आहेत. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम, ते १९४९ च्या घटनेनं आपल्यात सामावून घेतलं."

"मनाची उन्नती," मामानं शब्द तोंडात घोळवून पाहिला. "आणि आमचे दुकानदार बिचारे एक ते चार दुकान बंद ठेवायचे, तर जगानं त्यांची टिंगल केली. त्यांनी ते वेळीच घटनेत घालून घ्यायला हवं होतं."

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-नगरी आहेत हे कळल्यावर तर तो हसतच सुटला. "चुकलं. पत्रिका नीट पाहिली नाही कुणी. वामकुक्षी, पाट्या, शिस्तीचा अभिमान आणि पाहुण्याला आधी विचारून येण्याची अपेक्षा. सख्खी बहीण पुणं आहे."

इथे मी पहिल्यांदा खरोखर चिडले. कारण पाट्यांचं नाव निघालं.

"मामा, पुण्याच्या पाटीशी याची बरोबरी करू नकोस. 'दोनदा बेल वाजवल्यास दार उघडले जाणार नाही' अशी पाटी वाचली की आत एक खडूस म्हातारा बसलेला दिसतो. त्यानं ती लिहिताना शब्द निवडलेले असतात. त्याला राग आलेला असतो, आणि आपल्या रागाची त्याला मजाही वाटलेली असते. पाटीत माणूस असतो. इथे काय असतं, थांब, दाखवते."

मी कपाटातून फाइल काढली. इथे तिला ऑर्डनर म्हणतात, दोन कड्यांची जाडजूड फाइल. इथे आल्याच्या पहिल्या महिन्यात ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच उपदेश केला होता, कागद फेकू नकोस. इथे सगळं टपालानं येतं. विम्याचं पत्र, विजेचं पत्र, पत्र मिळाल्याचं पत्र. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो, तिचंही पत्र. आमच्याकडे अशा सात फायली झाल्यात. पाचवीतून मी एक चतकोर कागद काढला.

नऊ वर्षांपूर्वी तो आमच्या टपालपेटीत पडला होता. हातानं लिहिलेला, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. मजकूर असा की, १७ ते २१ या वेळात स्वयंपाकघराचं दार कृपया बंद ठेवावं, जिन्यात वास येतो, मैत्रीपूर्ण नमस्कारासह. खाली सही नाही.

"फोडणीचा," मी म्हणाले. "हिंगाचा. बरं, हे घर घेतलं तेव्हा त्यात स्वयंपाकघरच नव्हतं, माहीत आहे? इथे भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा नुसत्या भिंती. ओटा नाही, सिंक नाही, छतातून दोन उघड्या वायरी लोंबत असतात, दिवा तुमचा तुम्ही लावा. दोन महिने आम्ही बाथरूममध्ये भांडी घासली. मग कुठून तरी जुना ओटा आणला, बसवला, पहिली आमटी केली, आणि महिन्याभरात ही चिठ्ठी."

मामानं कागद उजेडात धरला. "भाषा सभ्य आहे. वेळ दिली आहे. उपाय सुचवला आहे. चांगला अर्ज आहे. तुला काय पाहिजे होतं, शिव्या?"

"हो! शिव्या परवडल्या असत्या. दारावर थाप मारून कोणी म्हणालं असतं की बाई, तुमच्या त्या हिंगानं आमचा जीव घुसमटतोय, तर मी दोन शब्द ऐकवले असते, दोन ऐकले असते, संध्याकाळी वाटीभर आमटी पाठवली असती. प्रकरण मिटलं असतं. इथे काय झालं? इमारतीत आमच्याखेरीज तीन बिऱ्हाडं. वर्षभर मी जिन्यात प्रत्येकाला 'गुटन टाग' म्हणताना विचार करत होते की लिहिणारा हाच का. तिघंही तितकंच गोड हसायचे. मी जानेवारीत खिडकी सताड उघडी टाकून फोडणी करायला लागले, बाहेर उणे पाच. अजून करते."

मामा कागद परत देईना. "३१ वर्षं निनावी तक्रारी वाचल्यात मी," तो म्हणाला. "एकच्या आकड्याला ही तंबूसारखी शेंडी बघ. साताला कमरपट्टा. हात म्हातारा आहे, पण थरथरत नाही. शाळेत हातावर छडी खाल्लेलं अक्षर आहे." मग कागद घडी न मोडता फाइलीत लावून दिला. "आणि एक सांगतो. निनावी अर्ज लांबचा माणूस कधी करत नाही."

त्याला इथलं काय काय आवडलं याची यादी केली तर पान पुरणार नाही. रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबलेली चार माणसं बघून त्याचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिलं. गाडी नाही, पोलीस नाही, आणि चौघं उभे. मी विचारलं, त्या चौघांनी एकमेकांकडे एकदा तरी बघितलं का? तर म्हणाला, दिव्याकडे बघायचं असतं. शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनाचं खोदकाम २०१० पासून चालू आहे, २०१९ ला सगळं उघडणार होतं, आणि अजून लोक पत्र्यांच्या बोळांतून वळसे घालत फलाटावर जातात. ते बघून तो म्हणाला, "आत्ता कुठे घरी आल्यासारखं वाटलं."

घराला नंबर नसतो, हे मात्र त्याच्या पचनी पडेना. इमारतीला नंबर असतो, आतल्या बिऱ्हाडाला नाही. पत्र जातं ते घंटीवरच्या नावावर. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. त्या बोटभर पट्टीत नवऱ्याचं आडनाव पूर्ण मावतं, माझ्यातलं शेवटचं "कर" गळतं. पहिल्या वर्षी माझी दोन पत्रं "असा इसम येथे राहत नाही" म्हणून परत गेली. मी आत बसलेली असताना. मामा म्हणाला, गावाचं नाव राहिलं आणि 'कर' गेला, म्हणजे करमाफी झाली. करावरून आठवलं. घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी करायची, आणि त्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो. चर्चचं नाव लिहिलं तर प्राप्तिकराच्या वर आणखी ८ टक्के चर्चसाठी, पगारातून परस्पर. हे ऐकून मामानं हात जोडले. "देवाची टीडीएस कपात! हे आपल्याकडच्या कुणाला सुचू देऊ नकोस."

पण एका संध्याकाळी तो थट्टेवर नव्हता. मी नेहमीचं रडगाणं लावलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ. झालं असं की मामाचे डोळे आले. मी फोन केला, तर सगळ्यात जवळची वेळ तीन महिन्यांनंतरची. मामाचा व्हिसा ९० दिवसांचा, त्यासाठी ३०,००० युरोंचा विमा काढलेला, आणि डॉक्टरची तारीख तो पुण्यात परतल्यावरची.

"तीन महिन्यांनी काय दाखवू त्यांना? आले होते असं सांगू?" एवढंच तो म्हणाला. रांगेत बसून दुसरीकडून थेंब मिळाले, डोळे बरे झाले.

"बघ," मी म्हणाले. "पुण्यात काय केलं असतंस? कुणाला तरी फोन केला असतास. अमक्याचा मेहुणा, तमक्याची वहिनी. संध्याकाळी डॉक्टरनं स्वतः बोलावलं असतं. इथे अकरा वर्षांत मला एकही फोन नंबर असा मिळाला नाही की जो लावला आणि काम पुढे सरकलं."

मामानं चहाचा कप बाजूला ठेवला. "ते मेहुणे आणि वहिन्या मला सांगू नकोस. मी त्यांच्या दुसऱ्या टोकाला बसलेलो होतो. एखाद्या हॉटेलवाल्यानं रात्री खरकटं गटारात सोडलं, मी सकाळी जाऊन पावती फाडली, की मी कोठीवर पोचायच्या आत फोन. 'आपला माणूस आहे.' कधी साहेबांचा, कधी नगरसेवकाचा, एकदा तर तुझ्या आईचा."

"आईचा?"

"तिच्या मैत्रिणीचा दीर होता. तेव्हा मी ती पावती रद्द केली. आणि त्याच दिवशी, त्याच गल्लीत, भाजीचा पाला टाकला म्हणून एका हातगाडीवालीला दंड केला. ती भरून गेली. तिचा कुणी दीर नव्हता. तू ज्याला माणूसपण म्हणतेस ना, ते ज्यांच्याकडे नंबर असतात त्यांचं माणूसपण आहे. इथे तुझ्याकडे नंबर नाही, तसा त्या हॉटेलवाल्याकडेही नाही. मला हे गाव आवडतं ते झाडलेल्या जिन्यामुळे नाही. इथे पाटी सगळ्यांच्या दाराला लागते. तुझ्या समोरचा तो मोठा सर्जन आहे म्हणालीस. त्याच्याही दाराला लागते."

मला उत्तर सुचलं नाही. आत्ता लिहितानाही सुचत नाही. फक्त एवढं म्हणाले, "त्याच्याकडे पैसे देऊन झाडणारी बाई येते."

"तरी बादली वाजते ना?" मामा म्हणाला आणि उठून गेला.

त्यानंतर आठवड्याभरानं आम्ही क्योनिगश्ट्रासेवर हिंडत होतो. बाजाराचा मोठा रस्ता, दुतर्फा काचेची दुकानं. तिथे इस्त्रीचा कोट घातलेला, सत्तरीपुढचा एक गृहस्थ छोटी बॅटरी लावून कचऱ्याच्या डब्यात डोकावत होता. आतून त्यानं पाण्याची बाटली काढली, पिशवीत टाकली आणि पुढच्या डब्याकडे गेला. मी मामाला समजावलं. २००३ पासून इथे प्लास्टिकच्या बाटलीवर, पेयाच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्राला बाटली परत दिली की पैसे मिळतात. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. ज्यांना परत द्यायचा कंटाळा, ते फेकतात. ज्यांना पेन्शन पुरत नाही, ते गोळा करतात. पुष्कळ लोक बाटली डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी उभी करून जातात, म्हणजे कुणाला हात घालावा लागू नये.

मामा थांबून बघतच राहिला. मला वाटलं, आता अनामत पद्धतीचं कौतुक ऐकायला मिळणार.

"याला कोणी ओळखतं का?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे कचरावेचक बायका होत्या. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. बाबा आढाव होते. ओळखपत्रं मिळाली, मोर्चे निघाले. त्या बायका कोठीवर येऊन माझ्याशी कडाकडा भांडायच्या. नावानिशी. 'ओ साहेब' करून. पुढे घरोघरचा कचरा गोळा करायचं रीतसर काम मिळालं त्यांना." तो त्या कोटवाल्याकडे बघत होता. "हा माणूस तिन्हीसांजेला एकटा बॅटरी घेऊन फिरतोय, आणि सगळे किती सभ्यपणे त्याच्याकडे बघत नाहीयेत."

गंमत अशी की तिथे मीच जर्मनीची बाजू घेतली. म्हणाले, निदान कुणी हटकत तर नाही, बाटल्या शेजारी उभ्या करून ठेवतात, ही एक प्रकारची माणुसकीच आहे. माझा आवाज ऐकून मलाच नवल वाटलं. मामानं हातातली बाटली संपवली आणि डब्याशेजारी उभी करून ठेवली. नेम धरल्यासारखी, नीट, मध्यभागी. परतीच्या ट्रेनमध्ये तो बोलला नाही.

दार बंद होण्याचा प्रकार शेवटच्या पंधरवड्यातला. इथल्या दारांना बाहेरून फिरणारी कडी नसते, नुसती मूठ. दार ओढलं गेलं की खटकन लागतं, किल्लीशिवाय उघडत नाही. नव्या माणसाला हे सांगावंच लागतं, आणि मी मामाला तीनदा सांगितलं होतं. पाटी पुन्हा आमच्याकडे आली होती. तिचा फोटो काढायला तो पायजमा-बनियनवर बाहेर आला, मागे वारा आला, दार लागलं. मी ऑफिसात, नवरा गावाबाहेर. रविवार नव्हता तरी कुलूपवाल्याला बोलावणं म्हणजे शंभराच्या पुढच्या नोटा. पण बोलावणार कसा, फोन आत.

मी सहाला आले तर जिन्यात वरून मामाचा आवाज येत होता. वर एक आजी राहतात, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. नऊ वर्षांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. दार उघडं होतं. मामा सोफ्यावर, अंगावर बाईमाणसाची लोकरी शाल, पुढ्यात कॉफी आणि केक. त्या इथली बोली श्वेबिश बोलत होत्या, जी बाहेरच्या जर्मन लोकांनाही धड कळत नाही, आणि मामा मराठी बोलत होता. विषय जिना असावा, कारण दोघंही हातानं झाडण्याच्या खुणा करत होते, आणि दिशा जुळत नव्हती.

"भांडली माझ्याशी," घरी आल्यावर मामा हर्षानं म्हणाला. "तिचं म्हणणं, आधी कठडा पुसायचा. मी म्हटलं, कठडा शेवटी. काय भांडली!"

"पाच तास?"

"किल्ली का नाही ठेवलीस तिच्याकडे?"

"अरे, इथे तसं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"माहीत असतं. लोकांना आवडत नाही कुणाच्या भानगडीत पडायला. उगाच त्यांच्यावर जबाबदारी. आणि ती चिठ्ठी..."

"विचारलंस कधी?"

मी पाटी उचलून आत ठेवली.

"नऊ वर्षं," मामा म्हणाला. "पुण्यात तुझ्या आईची किल्ली शेजारच्या कुलकर्ण्यांकडे असते, आणि त्यांच्याशी तिचं पार्किंगवरून बारा वर्षं बोलणं बंद आहे. तरी किल्ली तिथेच."

निघायच्या आदल्या दिवशी मेथीचे पराठे लाटताना त्यानं सहज विचारलं, किल्लीला यांच्या भाषेत काय म्हणतात. मी म्हटलं, श्लुसल. कशाला? म्हणाला, काही नाही, असेच शब्द गोळा करतोय, केर एक झाला.

त्याला विमानात बसवून परत आले तो शनिवार होता. दाराच्या आत खुंटीवर जादा किल्ली असते, ती नव्हती. मामाच्या खिशात राहून पुण्याला गेली म्हणून मी हळहळले, फोन करणार होते, पण तो तेव्हा कुठे तरी काळ्या समुद्रावर असेल. खाली टपालपेटी उघडायला गेले तर आत एक चतकोर कागद. ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. तुमच्या मामांनी दिलेली किल्ली माझ्या दाराआडच्या खुंटीवर आहे. मी ७ ते २१ घरी असते. जिना चांगला पुसला गेला आहे, फक्त चौथ्या पायरीचा डावा कोपरा राहिला आहे. मैत्रीपूर्ण नमस्कारासह. या वेळी खाली नाव होतं, पूर्ण.

मी वर गेले, पाचवी फाइल काढली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. सातांचे कमरपट्टे. एकांच्या शेंड्या.

मग सुपली आणि केरसुणी घेऊन चौथ्या पायरीपाशी गेले. डाव्या कोपऱ्यात खरंच मेथीचं एक पान होतं.